वाघोबाकडे गेलेला चेंडू

परवा माझ्या टीममधली एक कार्टी मोबाईल नाचवत आली आणि म्हणाली, "मॅडम, हे बघा, अमेरिकेतले तुमच्यासारखे." पाहिलं तर तिथल्या पगारी बेसबॉल खेळाडूंची नावं होती, एकेका हंगामात सगळ्यात जास्त डबल मारणाऱ्यांची. अंगठ्याने सरकवत खालपर्यंत गेले. एकही नाव ओळखीचं नाही. होमरनवाल्यांचे फोटो जगभर लागतात, आणि हे बिचारे दुसऱ्या बेसवर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहतात आणि मागचा माणूस काय दिवे लावतो ते बघत बसतात. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगून टाकते. चेंडू मारला की पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि जिथून निघालो ते होम, अशी फेरी मारायची. चेंडू परत यायच्या आत दुसऱ्या बेसवर पोचून थांबलात तर त्या फटक्याला डबल म्हणतात. तिसऱ्यावर पोचलात तर ट्रिपल, पुरी फेरी झाली तर होमरन. एका फटक्याला नाव एकच. दुसऱ्याच्या पुढे गेलात की तो डबल राहत नाही. हे शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलं होतं. माझी मैत्रीण सविता म्हणते, चाळिशीसुद्धा गाठली नाहीस आणि आत्मकथन कसलं लिहितेस. मी तिला सांगितलं, माझा खांदा साठीचा झालाय, तो लिहितोय असं समज.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, हायवे सोडून डोंगराच्या अंगाला. घर कुडाचं, भिंती शेणामातीने लिंपलेल्या, पुढं अंगण आणि अंगणाला लागून खळं. वारा पडला की हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. त्या घरघरीची इतकी सवय होती की कधी रस्ता बंद पडून ती थांबली तर आई भांडी घासता घासता मान वर करायची. आई भांड्यांशी बोलायची. आमच्याशी बोलण्यापेक्षा भांड्यांशी जास्त. "या तव्याला काही लाज," असं ती म्हणाली की आम्ही भावंडांनी ओळखायचं की आपल्यापैकी कुणाचं तरी काहीतरी चुकलंय. नागलीची भाकरी, वालाचं कालवण, आणि डहाणूच्या बाजाराला कुणी गेलं असेल तर सुकटाची चटणी, हे आमचं जेवण. चटणीत आई मिरची अशी घालायची की पाहुणा पाणी मागायचा आणि ती गालात हसायची. बा मात्र मुलखाचा गप्प. दिवसभरात त्याच्या तोंडून पाच-सहा वाक्यं निघाली तर सण समजायचा. आवाज चढवलेला तर मी कधी ऐकलाच नव्हता. त्याचं कारण आई सांगायची, देवाच्या शेजारी राहून तसाच झालाय तो.

देव म्हणजे वाघोबा. आमच्या खळ्याच्या डाव्या अंगाला ऐनाचं मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला लाकडी खांब, त्यावर वाघ कोरलेला, आणि मागं दाट राई. त्या राईतली काडी कुणी मोडत नाही. बायकापोरांनी आत पाय टाकायचा नाही, आणि देवाचं बघणं आमच्या घराकडे, म्हणजे बाच्याकडे. वाघबारशीला सगळा पाडा तिथं जमायचा, बाकी वर्षभर तो आणि त्याचा देव. आता गंमत अशी की पाड्यावर सपाट जागा म्हणाल तर तेवढं खळंच. भात झोडून झालं की ते मोकळं व्हायचं आणि आम्ही मुली तिथं शाळेत बघून उचललेला बेसबॉल खेळायचो. तिसरा बेस म्हणून ठेवलेला फुटका कौलाचा तुकडा देवापासून हाताच्या अंतरावर. डावीकडं मारलेला चेंडू हटकून राईत जायचा. गेला की खेळ जागच्या जागी थांबायचा. मारणारीने दुसऱ्या बेसपर्यंत यायचं, पुढचा बेस देवाच्या अंगाला म्हणून तिथंच उभं राहायचं, बाकीच्या जिथल्या तिथं, हसणं बंद, बोलणं बंद. मग बा यायचा. चपला काढायचा, हात जोडायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "देवा, पोरींचा चेंडू आलाय. खेळताना आलाय, खोडी म्हणून नाय. नेतो." आत जाऊन चेंडू आणायचा आणि तो हातात घेऊन बाहेर आला की मगच आमच्या पायांत जीव यायचा. चेंडू देवाच्या हातात असताना धावणार कोण? बा शेतावर गेलेला असला तर तो येईपर्यंत आम्ही तशाच, एखादी बोरं खात, एखादी उवा बघत. मला लवकरच उमगलं की डाव्या अंगाला, तिसऱ्या बेसवालीच्या खांद्यावरून चेंडू काढला की दोन बेस हक्काचे. कुणी आडवं येत नाही. तो फटका मी हाताला असा बसवून घेतला की झोपेतही मारला असता.

शाळेत सर आले ते खानदेशातले. तिकडं या खेळाचं भारी वेड. त्यांनी आमचा तो खळ्यावरचा खेळ बघितला, डोक्याला हात लावला आणि मग आमची टीमच बांधली. थंडी सुरू झाली की दर रविवारी सामने असायचे, आमची शाळा, चारोटीची, डहाणूची आणि आगरची. खऱ्या मैदानावर माझे डबल धडाधड निघायला लागले. फक्त एक झालं. चारोटीच्या सामन्यात मी मारलेला चेंडू मैदानाबाहेर बाभळींत गेला, त्यांची पोरगी काट्यांत वाकून शोधतेय, आणि मी दुसऱ्या बेसवर उभी. सर घसा फोडून ओरडतायत, "धाव", आणि माझे पाय हलेनात. चेंडू झाडांत गेला की माझ्या पायांना एकच माहीत होतं. सामना आम्ही थोडक्यात हरलो. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जयवंती, तिसऱ्या बेसवर साप बसलाय का गं?" मी बॅटवरची माती खरवडत राहिले. शेवटी सविताने वाघोबाचं सांगितलं. सविता माझ्याच पाड्यावरची, माझी जोडीदारीण. सर आधी हसले, मग समजुतीनं म्हणाले, "अगं, इथं चारोटीत कसला आलाय वाघोबा? इथं हायवेचा धूर आणि वडापावच्या गाड्या." डोक्याला पटलं. पायांना नाही पटलं. सर काही आमच्या देवाचे नव्हते, त्यांनी परवानगी देऊन काय उपयोग?

त्याच थंडीत दोन गोष्टी एकदम पुढं येऊन ठाकल्या. पुण्याकडं खेळाडू मुलींचं एक वसतिगृह होतं, खाणंपिणं, शिक्षण, सराव, सगळं तिथंच. तिथल्या मॅडम आमच्या भागातून एक मुलगी घेणार होत्या आणि शेवटचा सामना बघायला डहाणूला येणार होत्या. सरांनी त्यांना फोनवर कुणाचे होमरन किती ते सांगायला सुरुवात केली तर त्यांनी तिथंच तोडलं. "होमरन नका सांगू मला. तुमच्या मैदानांना कुंपण नाही. चेंडू चिकूच्या वाडीत गेला की मुलगी मध्ये चहा पिऊनसुद्धा होमला पोचेल. डबल सांगा. हंगामात डबलला जी पहिली येईल ती माझी." डबलला पहिल्या आम्ही दोघीजणी होतो, मी आणि आगरची हेमांगी, आणि शेवटच्या सामन्याआधी आमची बरोबरी होती. दुसरी गोष्ट, माझा दादा गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जायचा. आमच्याकडची निम्मी तरणी पोरं सकाळच्या टेम्पोने तिकडंच जातात, आजही. त्याने मुकादमाशी बोलून माझ्यासाठी जागा धरली होती. मुकादमाचं म्हणणं, सोमवारी घरातलं माणूस आलं पाहिजे, नाही आलं तर जागा दुसऱ्याला. आईने शब्द दिला होता. आमच्यात दिलेला शब्द म्हणजे झालंच. म्हणजे रविवारी सामना आणि सोमवारी टेम्पो. पुण्याचं जमलं तरच टेम्पो चुकणार होता, नाहीतर शाळा तिथंच संपली. आई म्हणाली, "मॅडमने नेली तर जा, मी आडवी येणार नाय. नाय नेली तर मुकाट्यानं टेम्पोत बसायचं. रडायचं नाय." मला राग आला होता. आईचा नव्हे, कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून आईवरच काढला.

शनिवारी संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने विचारलं, "मला सांग तरी, काय केलं म्हणजे नेतील?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, तुला नाही कळायचं. तिने हातातलं पीठ परातीत टाकलं आणि माझ्याकडं बघत राहिली. तिचं ते बघणं पुरायचं. मग मी चुलीचे तीन दगड दाखवून सांगितलं. हा पहिला बेस, मागचा तो दुसरा, हा तिसरा, आणि तू बसलीस तिथं होम. चेंडू मारून मी इथून निघणार, मागच्या दगडावर थांबले की डबल. तिने हात लांब करून मागच्या दगडाकडं नेला. "म्हणजे अठं थांबायचं?" आमच्याकडं इथंला अठं म्हणतात. मी म्हटलं, हो, तिथंच. "आणि पुढं गेलीस तर?" तर तो डबल मोजत नाहीत, मी सांगितलं. होमपर्यंत आले तर टीमला धाव मिळेल, पण माझ्या नावावर डबल लागणार नाही. आईने हात मागं घेतला. "कसला बाई खेळ. पुढं जाईल तिलाच शिक्षा," असं तिने भाकरीला सांगितलं आणि भाकरी उलटली. बा तेव्हा गोठ्यात होता. त्याला दादाने वरवरचं सांगून ठेवलं होतं, की उद्या जिंकली तर पोरगी पुण्याला. तेवढंच त्याला ठाऊक.

मॅडमना आईबापांशी बोलायचं होतं म्हणून कुणीतरी येणं भाग होतं. आईचा गुडघा दुखरा, टेम्पोत चढणं-उतरणं तिला नको वाटायचं. म्हणून बा आला. त्याने माझा सामना त्या दिवसापर्यंत बघितला नव्हता, खळ्यावर चेंडू आणून द्यायचा तेवढाच. धुतलेला सदरा, नव्या चपला, गुडघ्यावर भाकरीचं फडकं. चारोटीला टेम्पो थांबला, मुलींनी भजी घेतली, सरांनी त्याच्यापुढं चहा धरला तर त्याने कपाळाला लावून घेतला. तिथून डहाणूपर्यंत तो एकच वाक्य बोलला. "भ्यायलीस का?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली, म्हणजे त्याला कळलं होतं की मी थापा मारतेय.

मैदान समुद्राच्या अंगाला, डावीकडं सुरूची झाडं ओळीनं आणि त्यांच्यापलीकडं वाळू. वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास. मी झाडं बघितली आणि पाठ फिरवून बॅट पुसायला लागले. आगरच्या मुली आधीच येऊन बसल्या होत्या. हेमांगी त्यांची कॅचर, म्हणजे मारणारीच्या मागं बसून चेंडू पकडणारी. जाडजूड, दणकट, घरची होडी आणि तोंड मात्र मासळी बाजारातलं. मी मारायला उभी राहिले की ती मागून बसल्या बसल्या सुरू व्हायची. "काय गो डबलवाली, आज मोजायला मॅडम आलीय. हात नको कापवू." मी तिला म्हटलं, तू तुझी जाळी सांभाळ. पहिल्याच फेरीत तिने उजवीकडं खणखणीत डबल मारला आणि दुसऱ्या बेसवरून माझ्याकडं बघून दात दाखवले. माझा पहिला फटका वर उडाला, पकडला गेला. दुसऱ्या वेळी तर तीनदा बॅट फिरवून चेंडूला स्पर्शसुद्धा झाला नाही. बाहेर आले तर सरांनी माझ्या हातातली बॅट काढून पुढचीला दिली. मॅडम छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, चेहरा दगडासारखा. बा दोरीच्या पलीकडं उकिडवा बसलेला. तिसऱ्या वेळी मी दात-ओठ खाऊन मारला, चेंडू मैदानातच डावीकडं गेला आणि मी दुसऱ्या बेसवर पोचले. डबल. हेमांगीची आणि माझी पुन्हा बरोबरी. तहान इतकी लागली होती की जीभ टाळूला चिकटली होती.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेने मागं होतो. पहिल्या बेसवर सविता, आमच्या दोघी बाद, आणि मारायला मी. आणखी एक बाद झाली की संपलं. सामना, पुणं, शाळा, सगळं. हेमांगी मागं बसून नुसती हातमोज्यावर मूठ आपटत होती. पिचरने चेंडू टाकला आणि माझ्या हातांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. तिसऱ्या बेसवालीच्या खांद्यावरून, खाली, वेगात. चेंडू टप्पा खाऊन सुरूच्या झाडांत शिरला. मी पळाले. पहिला बेस ओलांडला, पुढं सविता होमला पोचताना दिसली, म्हणजे बरोबरी झाली. दुसऱ्या बेसवर आले आणि पाय थांबले. चारोटीला थांबले होते तसेच. झाडांच्या मुळांत आगरची पोरगी चेंडू शोधत होती, सुक्या पाल्यात दिसत नव्हता तिला. सर ओरडत होते, आमच्या मुली ओरडत होत्या. मी उभी. आणि त्या उभं राहण्यातच डोक्याने पायांना गाठलं. मला लख्ख समजलं की इथं थांबले तर हा डबल, हेमांगीपेक्षा एक जास्त, हंगामात पहिली, पुणं. सामन्याचं मागच्या मुली बघून घेतील. माझ्या पायांना शिव्या देण्याऐवजी मी त्यांना मनातल्या मनात म्हटलं, शाबास, हलू नका. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण त्यात मला चुकीचंही काही वाटत नाही. पोटाला चिमटा बसलेल्या पोरीने आणखी काय म्हणायचं?

तेवढ्यात मला बा दिसला. चेंडू झाडांत गेल्या गेल्या तो उठला असणार, कारण दोरीच्या आत येऊन उभा होता. नव्या चपला काढून त्याने हातात घेतल्या होत्या. सवयीनं. त्याचेही पाय निघाले होते देवाकडून चेंडू आणायला. अनवाणी, वाळूत, तो एकदा झाडांकडं बघत होता, एकदा माझ्याकडं. त्याने मला तिथं उभी बघितलं आणि मी का उभी आहे हे त्याला लगेच कळलं. त्याला वाटलं, पोरगी देवाला धरून थांबलीय आणि त्यापायी तिचं पुणं जातंय. मग माझा बाप, ज्याने आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो चपला उंच धरून ओरडला. "जये, धाव! अठं देव नाय!" आवाज चिरकला, पण समुद्राच्या वाऱ्यातूनही आला. पुन्हा म्हणाला, "मी सांगतो, धाव."

आता तुम्ही म्हणाल, तुला माहीत होतं ना, थांबण्यातच तुझं भलं आहे? होतं. पुरतं माहीत होतं. पण ज्याच्या शब्दावाचून आम्ही कधी त्या कौलाच्या तुकड्याकडं पाऊल टाकलं नव्हतं, त्याने देवापुढून बाजूला होऊन वाट मोकळी केली होती. तो दोनदा सांगतोय आणि मी हिशेब करत उभी राहू? नाही राहवलं. मी धावले. तिसरा बेस पायाखालून गेला तेव्हा अंगावर काटा आला, त्या वयापर्यंत मी कधी चेंडू झाडांत असताना तिसऱ्या बेसवर पाय ठेवला नव्हता. चेंडू सापडला होता, डोक्यावरून आलेला मी बघितला, हेमांगी होमवर पाय रोवून हात पसरून उभी. मी तिच्या पायांखाली अंग झोकून दिलं. तोंडात वाळू गेली. पंचाने हात आडवे पसरले, म्हणजे मी सुखरूप, म्हणजे आम्ही जिंकलो. माझ्या अंगावर आमच्या मुली येऊन पडायच्या आत हेमांगी वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "काय गो, गेला तुझा डबल. वेडी हायस का?" या वेळी ती हसत नव्हती.

मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. सरळ बाई होत्या, गोल गोल बोलल्या नाहीत. डबलची बरोबरी झाली, त्यांना कॅचर मुली कमी पडतात, म्हणून हेमांगीला नेते म्हणाल्या. सर काहीतरी बोलायला गेले, त्यांनी हातानेच थांबवलं. मला म्हणाल्या, "पुढच्या हंगामात येईन मी. शाळेत असलीस तर पुन्हा बघीन." बा बाजूला उभा होता, अजून अनवाणीच. त्याला म्हणाल्या, "तुमची मुलगी धावते छान. जरा उशिरा निघते." बा म्हणाला, "मीच सांगितलं तिला धाव." असं छाती काढून बोललेला मी त्याला त्याआधी आणि त्यानंतरही बघितला नाही. येताना टेम्पोत मुली गात होत्या, मध्ये चषक नाचत होता, आणि बा मला म्हणाला, "त्या बाईला कॅचर पायजे होती, म्हणून. तुझ्यात काय कमी नाय." मी खिडकीकडं तोंड केलं आणि रडले. वारा लागतोय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी चुलीपुढं बा बोलायला लागला. आई, दादा, मी, तिघंही बघत राहिलो. त्याने चेंडू झाडांत गेल्यापासून सुरू केलं, आपल्या चपला, वाळू, मी कशी उभी, तो कसा ओरडला, "आणि पोर काय धावली, काय धावली." मग पुण्याचं का हुकलं ते सांगितलं, बाईला कॅचर हवी होती. "पुढच्या साली शाळेत असली तर बघीन म्हणाली." दादा हळूच म्हणाला, "उद्या तर टेम्पो आहे." बाच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. आईने इतका वेळ मान वर केली नव्हती. तिने फुंकणी खाली ठेवली, हात लांब करून चुलीच्या मागच्या दगडाकडं नेला आणि माझ्याकडं बघितलं. मग तिसऱ्या दगडाकडं नेला, मग स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि पुन्हा बघितलं. मी मान हलवली. हो, तिथं थांबले असते तर गेले असते. तिने बाच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा चुलीच्या उजेडात असा फुललेला होता की मला बघवेना. "या भाकरीनं तर वैताग आणला," आई म्हणाली आणि भाकरीचं काहीही बिघडलेलं नसताना ती उचलून बाजूला टाकली.

सकाळी मी तयार होऊन बसले होते. रडायचं नाही ठरलं होतं, रडत नव्हते. दादा दारातून हाका मारत होता, नाक्यावर टेम्पो कुणासाठी थांबत नाही म्हणून. आई आतून आली ती बाजाराची साडी नेसून. तिने माझ्या हातातला डबा घेतला. मला वाटलं भाकरी राहिली घालायची. पण तो काखेत मारून ती अंगणात उतरली. दादा म्हणाला, "तू कुठं?" "घरातलं माणूस येईल असा शब्द दिलाय ना मुकादमाला? मी काय माणूस नाय?" दादा चिडला. "आई, तिथं दिवसभर उभं राहायचं असतं. तुझा गुडघा." आई म्हणाली, "लावणी काय बसून करतात?" मग मागं वळून माझ्यापाशी आली. मी तिचा पदर धरला, म्हटलं, मी जाते, तू नको. तिने बोटं सोडवली. "दप्तर घे नि शाळेत जा. पुढच्या साली ती बाई येईल तेव्हा शाळेत दिसली पायजेस." आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुझ्या बाला कळू द्यायचं नाय. जन्मात एकदा ओरडला, त्याला वाटू दे पोरीच्या कामाला आलं म्हणून." ती पायवाटेने निघाली, एक पाय जरा ओढत, आणि दादा तिच्या मागं.

पुढच्या हंगामात मी गेले पुण्याला. तोवर आई रोज त्या टेम्पोने गेली. बा वारला त्याला आता बरीच वर्षं झाली, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पाड्यावर नवा पाहुणा आला की त्याला ती गोष्ट सांगून झाल्याशिवाय तो उठू देत नसे. पण मला आठवते ती त्या सोमवारची संध्याकाळ. बा सकाळीच वाघोबाला नारळ फोडून आला होता, खोबऱ्याचा एक तुकडा आईसाठी वाटीत ठेवलेला. मी शाळेतून आल्यापासून तो मला विचारत राहिला, तुझ्या जागी जायची हिला काय हौस आली? मी म्हटलं, मला काय माहीत, तिलाच विचार. अंधार पडता पडता ती आली. पाय सुजलेला, घोटा दिसेना. थेट चुलीच्या मागच्या अंगाला जाऊन बसली आणि दुखरा गुडघा त्या मागच्या दगडाच्या उबेला धरला. मी वाटी पुढं केली, तिने खोबरं तोंडात टाकलं. बा तिच्या पायाकडं बघत उभा होता. शेवटी तो म्हणाला, "काल पोर कशी धावली, ते मी तुला सगळं सांगितलं का नाय?" ते तिने आदल्या संध्याकाळी अथपासून इतिपर्यंत ऐकलं होतं. तिने माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "नाय, नीट नाय सांगितलंस. बस, पयल्यापासून सांग."